विद्यार्थी ऑनलाइन का शिकतो, हे गूगल फॉर्मला कळत नाही

दरवर्षी जानेवारी-फेब्रुवारीत आपल्याकडच्या महाविद्यालयांत चर्चासत्रांचा हंगाम असतो. विभाग वाणिज्याचा असो, व्यवस्थापनाचा की माहिती तंत्रज्ञानाचा, एक शोधनिबंध ठरलेला असतो: विद्यापीठातले विद्यार्थी ऑनलाइन शिक्षणाचे प्लॅटफॉर्म कोणत्या घटकांमुळे स्वीकारतात. पद्धतही ठरलेली. पंचवीस-तीस विधानांचा गूगल फॉर्म वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकायचा, ‘पूर्णतः असहमत’ ते ‘पूर्णतः सहमत’ असे पाच रकाने द्यायचे आणि खाली लिहायचं, ‘सर्वांनी भरा, दोनच मिनिटं लागतील.’ दोन दिवसांत शंभर-दोनशे उत्तरं जमतात. ती एसपीएसएस या सांख्यिकी प्रोग्रॅममध्ये घातली की निष्कर्ष हातात पडतो: प्लॅटफॉर्म उपयुक्त वाटतो आणि वापरायला सोपा वाटतो, म्हणून विद्यार्थी तो स्वीकारतात. शिफारशी तीन: जागृती करा, इंटरफेस सुधारा, शिक्षकांना प्रशिक्षण द्या. मग जेवणाची सुट्टी.

हे निष्कर्ष खोटे आहेत असं मी म्हणत नाही. ते निरुपयोगी आहेत, आणि तरीही त्यांच्या आधारावर खरेद्या होतात आणि धोरणं आखली जातात, ही माझी तक्रार आहे. माझं म्हणणं थोडक्यात असं: मुंबईजवळच्या मानपाड्याचा विद्यार्थी ऑनलाइन काय शिकतो, कुठवर शिकतो आणि कधी सोडून देतो, हे त्याच्या ‘दृष्टिकोना’वरून ठरत नाही. परीक्षा कोण घेणार, हाती येणारा कागद कोण मानणार, बसायला जागा कुठे आहे आणि आपण गायब झालो तर विचारणारं कोणी आहे का, यावरून ते ठरतं. या चारांपैकी एकही गोष्ट त्या पंचवीस विधानांत नसते.

आधी उपयुक्तता आणि सोपेपणाचं हे प्रारूप आलं कुठून ते पाहू, कारण मूळ माणसावर अन्याय नको. फ्रेड डेव्हिस यांचा तो प्रसिद्ध लेख १९८९ चा. त्यात दोन अभ्यास होते. पहिल्यात टोरांटोच्या आयबीएम प्रयोगशाळेतले ११२ जण होते; त्यांना कार्यालयातल्या ई-मेल प्रणालीबद्दल आणि फाइल संपादित करण्याच्या एका प्रोग्रॅमबद्दल विचारलं होतं. दुसऱ्यात बोस्टन विद्यापीठाचे संध्याकाळच्या वर्गाचे ४० एमबीए विद्यार्थी होते आणि आलेख काढण्याचे दोन प्रोग्रॅम होते. म्हणजे पगारी नोकरी, टेबलावर यंत्र, आणि प्रश्न एवढाच की हे साधन कामाला येईल का आणि ते वापरताना डोकं किती खपवावं लागेल. त्या प्रश्नाला डेव्हिस यांचं उत्तर नेमकं आहे. कार्यालयात बसलेल्या माणसाच्या हातात नवं साधन दिलं तर तो हाच विचार करणार.

पुढे २००३ मध्ये वेंकटेश, मॉरिस आणि दोन डेव्हिस यांनी अशी आठ प्रारूपं एकत्र करून नवं प्रारूप बांधलं. आमचे संशोधक त्याचंही नाव घेतात. पण त्या लेखातल्या दोन गोष्टी वाटेत कुठेतरी सांडतात. एक, वापर ऐच्छिक आहे की सक्तीचा हे आधी बघा, असं तिथे बजावलेलं आहे. आसपासच्या माणसांचा दबाव सक्तीच्या ठिकाणीच परिणाम करताना दिसतो, ऐच्छिक ठिकाणी नाही. दुसरी, उपयुक्तता आणि सोपेपणा लक्षात घेतल्यावर ‘दृष्टिकोन’ या घटकाला वेगळं वजन उरत नाही, असं ते लेखक म्हणतात आणि त्याला मुख्य घटकांतून वगळतात. आमच्याकडे मात्र ‘विद्यार्थ्यांचा दृष्टिकोन’ हे प्रकरण प्रबंधात असतंच असतं, आणि सक्ती की मर्जी हा प्रश्न कुणी विचारत नाही. विचारणार तरी कसा? फॉर्म पाठवणारे सर आणि इंटर्नलचे गुण देणारे सर एकच असतात.

आता मानपाड्याकडे येऊ. मानपाडा एक नाही, दोन आहेत. एक ठाण्यात, घोडबंदर रस्त्यावर, टिकुजीनी वाडीच्या बाजूचा, सातबाऱ्यावर चितळसर-मानपाडा. दुसरा डोंबिवली पूर्वेला, कल्याण-शीळ रस्त्याच्या कडेचा, एमआयडीसीला खेटून. रिक्षावाल्याला नुसतं मानपाडा म्हणून भागतं, कारण कुठल्या स्टेशनाबाहेर उभे आहात ते त्याला दिसत असतं. दोन्हीकडे मेट्रोचं काम चालू आहे, तिकडे मार्गिका ४, इकडे मार्गिका १२, आणि दोन्हीकडे सध्या त्या कामामुळे रस्ता आणखी तुंबतो. एकाच्या पाठीशी राष्ट्रीय उद्यानाचा डोंगर आणि पुढे टॉवर, टॉवरांच्या मध्ये म्हाडाच्या इमारती आणि जुने पाडे. दुसऱ्याच्या आसपास रासायनिक कारखाने, जुन्या चाळी, नव्या चाळी आणि थोडं पुढे पलावाची नगरी. या दोन्ही मानपाड्यांतून एकच गूगल फॉर्म फिरवला तर उत्तरं जवळपास सारखीच येतील. ‘माझ्याकडे इंटरनेट असलेलं उपकरण आहे’: सहमत. ‘मला ऑनलाइन शिकणं सोयीचं वाटतं’: सहमत. सरासरी चारच्या आसपास, आणि संशोधक खूश.

पण उपकरण आहे म्हणजे काय आहे? राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७५ व्या फेरीत, म्हणजे २०१७-१८ मध्ये, देशातल्या १०.७ टक्के घरांत संगणक होता. शहरी घरांतही ते प्रमाण २३.४ टक्केच होतं. त्यानंतर फोन वाढले, संगणक तितके वाढलेले नाहीत. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि डेटा स्वस्त झाला तो फोनवरच. डोंबिवलीच्या मानपाड्यात बी.कॉम. करणारी मुलगी जेव्हा ‘उपकरण आहे’ म्हणते तेव्हा तो सहा इंची फोन असतो, कधी तो धाकट्या भावाच्या क्लासलाही लागतो, आणि घर एकच खोली व स्वयंपाकघर असं असतं. संध्याकाळी टीव्ही चालू असतो. कानात इअरफोन घालून बसलेली मुलगी घरच्यांच्या लेखी रिकामी असते. ‘जरा कुकर बघ’ हे तिलाच सांगितलं जातं, पुस्तक उघडून बसलेल्या भावाला नाही. पुस्तक दिसतं, लेक्चर दिसत नाही. ‘वापरण्यास सुलभ’ या विधानापुढे ती काय भरणार? अ‍ॅप सोपं आहेच. अवघड आहे ते घर.

म्हणूनच गेल्या काही वर्षांत इथे गल्लोगल्ली जो धंदा वाढला, त्याकडे संशोधकांचं लक्ष कसं गेलं नाही याचं मला नवल वाटतं. अभ्यासिका. इमारतीच्या पहिल्या मजल्यावरचा हॉल, प्लायवूडचे कप्पे, प्रत्येक कप्प्यात दिवा आणि प्लग, वर एसी, भिंतीवर वायफायचा पासवर्ड आणि ‘शांतता राखा’. महिन्याचे पैसे भरून मुलं तिथे बसतात आणि करतात काय? ऑनलाइन लेक्चर बघतात. स्पर्धा परीक्षावाले असतात, सीएवाले असतात, आणि सत्र परीक्षेच्या आधी पदवीचेही असतात. ‘कुठूनही, केव्हाही शिका’ हे ज्याच्या जाहिरातीत लिहिलेलं असतं, ते शिकण्यासाठी या मुलांना ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळी, भाडं भरून जावं लागतं. मुलींच्या बाबतीत तर अभ्यासिका रात्री किती वाजता बंद होते आणि ती रस्त्यावर आहे की आत गल्लीत, यावर कोर्स पुरा होणार की नाही हे ठरतं. एकाही प्रश्नावलीत मला अभ्यासिका हा शब्द सापडलेला नाही.

आता प्रवास. डोंबिवलीची मुलं पेंढारकरला, प्रगतीला, मॉडेलला जातात, कल्याणला बिर्लाला जातात, आणि गुण बरे असले तर माटुंगा, दादर, चर्चगेटपर्यंत जातात. ठाण्याच्या मानपाड्याहून ट्रेन पकडायची तर आधी बसने घोडबंदरचा रस्ता पार करून स्टेशन गाठायला लागतं. ऑनलाइन शिक्षणाचे कैवारी म्हणतात, हाच तर आमचा मुद्दा, प्रवासाचा वेळ सत्कारणी लागतो. सकाळची डोंबिवलीहून सुटणारी गाडी त्यांनी पाहिलेली नसावी. त्या गाडीत फोन वर काढायला हात मोकळा नसतो. ९ जून २०२५ ला दिवा-मुंब्र्याच्या दरम्यान दारात लटकलेली माणसं रुळांवर पडली आणि त्यांतली काही जिवाला मुकली, ती याच वेळच्या गाड्यांतली होती. अशा डब्यात धडा बघायचा नसतो, ऐकायचा असतो. गणित, आकृत्या, बॅलन्सशीट कानांनी शिकता येत नाहीत. इतिहास, अर्थशास्त्राची व्याख्यानं, कायद्याची कलमं ऐकता येतात. म्हणजे कुठल्या विषयाचा विद्यार्थी ऑनलाइन टिकणार हे काही अंशी मध्य रेल्वे ठरवते. हे मी गमतीने म्हणत नाही. एखाद्याने विषयवार तपासून पाहावं.

बरं, ‘प्लॅटफॉर्म’ म्हणजे तरी कोणते? फॉर्ममध्ये स्वयम्, कोर्सेरा, युडेमी, मूडल अशी नावं असतात. अभियांत्रिकीच्या मुलाला परीक्षेच्या आठवड्यात विचारा, तो सांगेल: गेट स्मॅशर्स, ५ मिनिट्स इंजिनीअरिंग, लास्ट मोमेंट ट्यूशन्स. सगळी यूट्यूबवरची. त्यातल्या एकाचं नावच सगळं सांगून जातं. मुलं तिथे का जातात? तिथे विद्यापीठाच्या सिलॅबसप्रमाणे, मॉड्यूलप्रमाणे, पेपरात काय येतं ते सांगितलेलं असतं. इंटरफेस कसा आहे याची कुणाला पर्वा नसते. मध्ये जाहिराती येतात, फळ्यावरचं अक्षर वाईट असतं, आवाज घुमतो. ‘सोपेपणा’च्या मोजपट्टीवर हे सगळं नापास व्हायला हवं. पण केटी, म्हणजे राहिलेला विषय, सुटते. मुंबई विद्यापीठात शिकलेल्या कुणालाही केटी म्हणजे काय आणि ती सुटली की घरात काय होतं हे समजावून सांगावं लागत नाही. नोट्सच्या पीडीएफ टेलिग्रामवर असतात, मागच्या वर्षीच्या सीनियरने टाकलेल्या. हाच खरा प्लॅटफॉर्म आहे. तो कुणी विकला नाही, कुणी राबवला नाही, आणि त्यावर स्वीकृतीचा अभ्यासही नाही.

याच्या शेजारी केंद्र सरकारचं स्वयम् ठेवून बघा. ९ जुलै २०१७ ला तत्कालीन राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. त्याच्या मागे २००३ पासून चालत आलेला एनपीटीईएल हा व्हिडिओ व्याख्यानांचा उपक्रम होता, आयआयटी आणि आयआयएससीचे प्राध्यापक होते. शिकणं फुकट. उपयुक्त? आयआयटीचे प्राध्यापक शिकवतायत, आणखी काय हवं? सोपं? ईमेल टाकला की नाव नोंदलं. डेव्हिस यांच्या प्रारूपाप्रमाणे मानपाड्यातून स्वयम् वर रांगा लागायला हव्या होत्या. तशा लागल्या नाहीत, आणि जिथे लागल्या तिथे क्रेडिट मिळणार होतं म्हणून लागल्या. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१६ मध्ये स्वयम् वरून २० टक्क्यांपर्यंत क्रेडिट घ्यायला मुभा दिली, २०२१ मध्ये ती एका सत्रात ४० टक्क्यांपर्यंत वाढवली. ज्या विभागाने ते क्रेडिट खरोखर गुणपत्रिकेत धरायचं ठरवलं तिथला वर्गच्या वर्ग नोंदला जातो. जिथे ‘तुमच्या ज्ञानात भर पडेल’ एवढंच सांगितलं जातं तिथे दोन-चार मुलं नाव घालतात आणि पहिल्या असाइनमेंटनंतर विसरतात. मुलं तीच, फोन तोच, दृष्टिकोन तोच.

एनपीटीईएलच्या प्रमाणपत्राचं गणितही पाहण्यासारखं आहे. घरी बसून केलेल्या असाइनमेंटना २५ टक्के वजन, आणि केंद्रावर जाऊन दिलेल्या परीक्षेला ७५ टक्के. त्या परीक्षेला साधारण हजार रुपये शुल्क. म्हणजे फुकट आणि ऑनलाइन असलेल्या कोर्सचा तीनचतुर्थांश भाग पैसे भरून, प्रवास करून, पर्यवेक्षकाच्या नजरेखाली द्यायचा असतो. आणि तेच बरोबर आहे, असं माझं मत. त्या प्रमाणपत्राला थोडी तरी किंमत आहे ती या तीनचतुर्थांश भागामुळे.

हा केवळ आपल्याकडचा अनुभव नाही. हार्वर्ड आणि एमआयटीच्या एडएक्सवरच्या सहा वर्षांच्या नोंदी जस्टिन राइश आणि होसे रुइपेरेस-व्हालिएन्ते यांनी तपासल्या आणि २०१९ मध्ये ‘सायन्स’मध्ये मांडल्या. नाव नोंदवलेल्यांपैकी ५२ टक्के लोकांनी कोर्समध्ये पाऊलच टाकलं नव्हतं. २०१७-१८ मध्ये कोर्स पुरा करणारे ३.१३ टक्के. मात्र प्रमाणपत्रासाठी पैसे भरलेल्यांत पुरे करणारे ४६ टक्के. पैसे भरणारा मुळातच जिद्दीचा असतो, हा आक्षेप रास्त आहे, म्हणून पैसे भरल्यामुळे माणूस शिकतो असं मी म्हणणार नाही. पण ‘नोंदणी’ला ‘स्वीकार’ समजणाऱ्यांनी त्या ५२ टक्क्यांचं काय करायचं ते सांगावं. त्यांतल्या बहुतेकांनी फॉर्म भरला असता तर ‘पूर्णतः सहमत’च भरला असता.

महाराष्ट्रात यापेक्षा जुना आणि बोलका दाखला आहे, एमएस-सीआयटीचा. २००१ मध्ये महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन स्थापन झालं आणि संगणक साक्षरतेचा हा कोर्स खेड्यापाड्यांत पोचला. विद्यार्थी, गृहिणी, तलाठी, शिक्षक, सगळे बसले. संगणकाची उपयुक्तता अचानक पटली म्हणून? सरकारी नोकरीसाठी संगणक अर्हता लागू झाली, तीत एमएस-सीआयटी चालू लागलं, आणि मुदतीत पास न झालेल्या कर्मचाऱ्यांच्या वेतनवाढी अडकल्या. माझ्या माहितीतले कितीतरी मध्यमवयीन सरकारी नोकर तोंडाने संगणकाला शिव्या घालत पास झाले. दृष्टिकोनाच्या रकान्यात त्यांनी शून्य भरलं असतं, स्वीकृती मात्र शंभर टक्के होती. आणि तो कोर्स पडद्यावर चालत असला तरी केंद्रावर जाऊन करायचा होता. कोपऱ्यावरचं दुकान, आत आठ-दहा संगणक, हजेरी घेणारी एक ताई. तीन दिवस गेलं नाही की तिचा फोन यायचा. या फोनचं महत्त्व मला कुठल्याही इंटरफेसपेक्षा जास्त वाटतं.

इथे माझे विरोधक कोरोनाकडे बोट दाखवतील. २०२० मध्ये सगळे विद्यार्थी ऑनलाइन आले, म्हणजे स्वीकृती झाली की नाही? ज्याला दुसरा दरवाजा नाही तो आहे त्या दरवाजाने आत आला, याला स्वीकृती म्हणायचं असेल तर म्हणा. मार्च २०२० मध्ये लोकल सामान्यांसाठी बंद झाली. १ फेब्रुवारी २०२१ ला ठरावीक वेळांपुरती उघडली, एप्रिलमध्ये परत बंद झाली, आणि १५ ऑगस्ट २०२१ ला दोन डोस घेतलेल्यांना मोकळी झाली. महाविद्यालयांचे वर्ग ऑक्टोबर २०२१ मध्ये भरू लागले. त्या काळात डोंबिवलीच्या मुलापुढे झूम किंवा गूगल मीट सोडून होतं काय? अंतिम वर्षाची परीक्षा घ्यायची की नाही यावर राज्य सरकार आणि विद्यापीठ अनुदान आयोग भांडले, २८ ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने परीक्षेशिवाय पदवी नाही असं सांगितलं, आणि ऑक्टोबरमध्ये मुंबई विद्यापीठाची ती बहुपर्यायी परीक्षा ऑनलाइन सुरू झाली. १२ ऑक्टोबरला कळवा-पडघा पारेषण वाहिन्यांतल्या बिघाडाने मुंबई-ठाण्याची वीज गेली आणि त्या दिवसाचे पेपर पुढे ढकलावे लागले. त्याच सुमारास कुठल्याशा सर्वेक्षणात ‘ऑनलाइन शिक्षणाबद्दल समाधानी’ अशी टक्केवारी छापून येत होती.

आणि त्यातलं आणखी एक. ३१ जानेवारी २०२२ ला दहावी-बारावीची मुलं धारावीत रस्त्यावर उतरली. मागणी काय होती? परीक्षा ऑनलाइन घ्या. ऑनलाइन शिकवा असं कुणी म्हणत नव्हतं. उलट ऑनलाइन शिकवल्यामुळे काही आलेलं नाही, म्हणून परीक्षाही ऑनलाइन घ्या, असं म्हणणं होतं. ती शाळेची मुलं होती, पण महाविद्यालयांच्या कट्ट्यावर वेगळं काही ऐकू येत नव्हतं. शिकण्याचा स्वीकार आणि परीक्षेतून सुटकेचा स्वीकार या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. प्रश्नावलीत त्या एकाच विधानाखाली बसतात.

ऑनलाइन या गोष्टीवर या विद्यापीठातल्या मुलांचा भरवसा किती, याचाही एक इतिहास आहे. २०१७ मध्ये मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिका स्कॅन करून पडद्यावर तपासायचा निर्णय ऐन परीक्षांच्या तोंडावर घेतला. निकाल महिनोन्‌महिने रखडले, बाहेर प्रवेश घेतलेल्यांची वर्षं टांगणीला लागली, आणि ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आलं. त्या साली पदवी घेतलेल्यांची धाकटी भावंडं आज महाविद्यालयात आहेत. ‘विश्वासार्हता’ या घटकाचं मापन करताना हे कुणी विचारात घेतल्याचं दिसलं नाही.

आता दुसऱ्या बाजूचे. स्टाफरूममधले काही ज्येष्ठ म्हणतात, हे सगळं फाजील लाड आहेत. मुलं आळशी झालीत, वर्गात बसायला नको म्हणून यूट्यूब. यांच्याशी माझं भांडण छोटं आहे, पण आहे. ७५ टक्के हजेरीचा नियम आहे, डिफॉल्टरची यादी लागते, तरी वर्ग का रिकामे? एका तुकडीत शंभर-सव्वाशे मुलं, मंजूर पदं वर्षानुवर्षं रिकामी, शिकवणारा तासिका तत्त्वावरचा, जो एकाच दिवशी दोन-तीन महाविद्यालयांत धावतो आणि ज्याचं मानधन कधी येईल याचा नेम नाही. त्याच्याकडे कमतरता असते ती वेळेची. मुलाने शंका विचारावी तर सर पुढच्या लोकलला गेलेले. मग रात्री अकराला तो मुलगा फोन उघडतो आणि कुणीतरी अनोळखी माणूस त्याला तो मुद्दा तीनदा समजावतो, व्हिडिओ थांबवून मागे नेता येतो. या मुलाला आळशी म्हणायचं? ऑनलाइनचा वापर वाढला म्हणून जे टाळ्या पिटतात त्यांनीही हे पाहावं: वाढलेल्या वापरातला मोठा वाटा हा महाविद्यालयाने सोडलेल्या जागेचं माप आहे. ती संख्या अहवालात ‘डिजिटल परिवर्तन’ या मथळ्याखाली येते.

‘ही पिढीच डिजिटल आहे’ हा युक्तिवाद मार्क प्रेन्स्की यांनी २००१ मध्ये लोकप्रिय केला, त्याला आता पंचवीस वर्षं होत आली. रील बनवता येतं म्हणून एक्सेलमध्ये पिव्होट टेबल येतं असं होत नाही. पहिल्या वर्षाच्या वर्गात आठवडाभर प्रात्यक्षिकं घेतलेल्या कुणालाही हे ठाऊक आहे. त्यावर जास्त शाई घालवत नाही.

एका आक्षेपाला मात्र नीट उत्तर द्यायला हवं. सक्ती नाही, क्रेडिट नाही, तरी स्वतःहून पायथन, डेटा अ‍ॅनालिटिक्स, टॅली, जर्मन भाषा ऑनलाइन शिकणारी मुलं आहेत. त्यांचं काय? आहेत, आणि मला त्यांचं कौतुक आहे. पण ती कोण आहेत ते बघा. बरीचशी तिसऱ्या वर्षाची किंवा पदवीनंतरची. कुणाला ऐरोली-महापेच्या आयटी पार्कमध्ये अर्ज करायचाय, कुणाच्या सोसायटीतला दादा एक कोर्स करून नोकरीला लागलाय आणि तो सांगतो हा कर, तो करू नकोस. इथे एक ठोस नोकरी आहे आणि एक ओळखीचा माणूस आहे. डेव्हिस यांच्या भाषेत याला ‘उपयुक्तता’ म्हणता येईल, मान्य. पण मग ती उपयुक्तता प्लॅटफॉर्ममध्ये नाही, ऐरोलीच्या भरतीत आहे. भरती थांबली की तोच कोर्स, तोच इंटरफेस, आणि शिकणारे गायब. अशा वेळी ‘इंटरफेस सुधारा’ ही शिफारस करणाऱ्याला काय म्हणावं?

नुसत्या पडद्याने माणूस टिकत नाही, हे ऑनलाइन शिकवण्या विकणाऱ्या कंपन्यांना प्राध्यापकांच्या आधी कळलं. बायजूजचं मूल्य २०२२ मध्ये २२ अब्ज डॉलर सांगितलं जात होतं, जुलै २०२४ मध्ये तिच्यावर दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली. त्याआधी २०२१ मध्ये तिनेच वर्गखोल्या असलेली आकाश ही शिकवणी संस्था विकत घेतली होती. अनअकॅडमीने २०२२ मध्ये प्रत्यक्ष केंद्रं उघडली. अलख पांडे यांचं फिजिक्सवाला यूट्यूबवरून वाढलं आणि मग गावोगाव ‘विद्यापीठ’ नावाच्या इमारती घेऊ लागलं. ज्यांनी पडदा विकला त्यांनीच बाकं मांडली. अर्थात ही सगळी शाळेची आणि स्पर्धा-प्रवेश परीक्षांची दुकानं, पदवीची नाहीत. पण माणूस ऑनलाइन कशाने टिकतो हे त्यांनी पैसे गमावून शिकलेलं आहे.

आणि सार्वजनिक संस्थांना तर हे फार आधीपासून माहीत होतं. मुंबई विद्यापीठाने १९७१ मध्ये पत्रद्वारा शिक्षण सुरू केलं, तेच पुढे आयडॉल झालं. नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ मध्ये उभं राहिलं, राम ताकवले त्याचे पहिले कुलगुरू. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे त्याचं ब्रीद, पण ती घरोघरी नेताना त्यांनी गावोगाव अभ्यासकेंद्रं काढली, रविवारी संपर्कसत्रं ठेवली, समंत्रक नेमले. पुस्तक टपालाने पाठवून भागत नाही, आठवड्यातून एकदा तरी कुणीतरी समोर बसून ‘कुठपर्यंत आलास?’ असं विचारायला हवं, हे त्यांच्या रचनेतच होतं. एमआयडीसीत पाळी करून, रविवारी केंद्रावर जाऊन, बी.ए. झालेली माणसं मानपाड्यात आजही भेटतील. त्यांच्यावर कुणी प्रारूप लावलं नाही.

२०२४-२५ पासून संलग्न महाविद्यालयांतही नवं शैक्षणिक धोरण आलं आहे, क्रेडिटची बँक आली आहे, आणि ऑनलाइन कोर्सचं क्रेडिट धरायचा रेटा वाढणार आहे. प्रश्नावल्याही वाढतील. त्या भरून घेण्यापूर्वी माझी एक मागणी आहे, आणि ती विद्यापीठाकडे आहे. प्रत्येक संलग्न महाविद्यालयाचे चार आकडे दरवर्षी जाहीर करा: स्वयम् वर किती मुलांनी नाव घातलं, त्यांपैकी किती परीक्षेला बसली, किती उत्तीर्ण झाली, आणि किती जणांच्या गुणपत्रिकेत ते क्रेडिट प्रत्यक्ष उमटलं. त्यासाठी सर्वेक्षण लागत नाही. ही माहिती कुठल्या ना कुठल्या कचेरीत नोंदलेली असते. त्याच्या जोडीला त्या विभागात पूर्णवेळ शिक्षक किती आणि तासिकेवरचे किती, हेही छापा. आणि ज्यांना पीएच.डी.साठी विषय हवाय त्यांनी मानपाडा रस्त्यावरच्या एखाद्या अभ्यासिकेत परीक्षेच्या आधीचे पंधरा दिवस जाऊन बसावं, कोण कधी येतं, काय उघडतं, कुठे थांबतं ते लिहून काढावं. फॉर्म घरी ठेवून जावं.